टीव्हीमागचा डबा

कारखान्यात किंवा ऑफिसात भिंतीवर टीव्ही लावायचं ठरलं, की चर्चा इंचांवर सुरू होते आणि इंचांवरच संपते. त्रेचाळीस घ्यायचा की पंचावन्न, कुठल्या कंपनीचा, स्टँड कुठला. टीव्हीला मागून काय जोडायचं हा प्रश्न निघतो तो बसवणारा माणूस शिडीवर चढल्यावर. मग कुणीतरी पेन ड्राइव्ह आणून देतं, त्यात घाईघाईने चार फोटो टाकलेले असतात. महिन्याभराने पाहावं तर पडदा काळा असतो, नाहीतर त्यावर ‘नो सिग्नल’ एवढेच शब्द इकडून तिकडे फिरत असतात.

या प्रकरणात आपण क्रम बदलू. आधी मागचा डबा, मग वायर, शेवटी टीव्ही. स्लाइड शो बंद पडतो तो पडदा खराब झाल्यामुळे क्वचितच. तो बंद पडतो लाइट गेल्यावर डबा नीट परत उठत नाही म्हणून, आणि स्लाइड बदलण्याचं काम कुणाच्याच गळ्यात नसतं म्हणून.

उदाहरणासाठी नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत घेऊ. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि नाशिकमध्ये आधी सातपूर, नंतर अंबड अशा वसाहती उभ्या राहिल्या. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सिडकोची घरं यांच्या शेजारी पसरलेल्या अंबडमध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्हज (आताची सीजी पॉवर), सिमेन्स यांच्यासारखे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या अवतीभवती सुटे भाग पुरवणारे लहान उद्योग आहेत. कुठे प्रेस शॉप, कुठे सीएनसीवर टर्निंगचं काम, कुठे पॅनेल, कुठे प्लेटिंग. अशा मध्यम कारखान्यात टीव्ही साधारण चार ठिकाणी लागतो: रिसेप्शनमध्ये, गेटजवळच्या पंचिंग मशीनपाशी, कँटीनमध्ये आणि प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर. दाखवायचं काय, तेही ठरलेलं. सुरक्षेच्या सूचना, या महिन्याचं रिजेक्शन, अपघाताविना गेलेले दिवस, वाढदिवस, सुट्ट्यांची यादी, गिऱ्हाइकाचं ऑडिट असेल तर स्वागताची पाटी. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह सुरू होतो, तेव्हा तर आठवडाभर याच पडद्यांवर हेल्मेट, गॉगल आणि हातमोजे दिसतात.

एकामागून एक चित्र दाखवून लोकांना काही सांगायचं, ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. दिव्यापुढे काच सरकवायची, पडद्यावर चित्र मोठं होऊन पडायचं, सोबत निवेदन चालायचं. अंबडहून महामार्गाने पाथर्डी फाटा ओलांडला की पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे, त्या दादासाहेब फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत दाखवली होती. पुढे कोडॅकने १९६१ मध्ये गोल ट्रेचा कॅरोसेल प्रोजेक्टर आणला आणि जगभरच्या वर्गांत आणि सभागृहांत तो चालला. २००४ मध्ये कंपनीने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं.

या सगळ्या खेळांत एक माणूस यंत्रापाशी उभा असायचा. काच अडकली तर तो सरकवायचा, दिवा विझला तर पेटवायचा. आज कारखान्याच्या भिंतीवरच्या टीव्हीपाशी असा माणूस नाही. रात्रपाळीला नाही, रविवारी नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी तर नाहीच. म्हणून टीव्हीमागच्या डब्याने त्या माणसाचं काम करायचं असतं. हार्डवेअर निवडण्याची माझी कसोटी यावरूनच ठरते: लाइट गेली, परत आली, तर कुणीही हात न लावता स्लाइड पुन्हा सुरू होते का? या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर प्रोसेसर किती वेगवान आणि पडदा फोर-के आहे की नाही, याला काही अर्थ उरत नाही.

आता लाइट जाते म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. महावितरणचा पुरवठा गेला की जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद सगळं बंद. पुरवठा परत आला की जनरेटरवरून लाइनवर येताना पुन्हा एक झटका. माणसांच्या लेखी लाइट एकदा गेली, पण टीव्हीच्या आणि डब्याच्या लेखी ती दोनदा गेली. त्यात दुसरा झटका बऱ्याचदा डबा अर्धवट सुरू झालेला असताना बसतो. शिवाय मोठी मोटर किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जातं ते वेगळंच. घरातल्या टीव्हीला हे रोज सोसावं लागत नाही, कारखान्यातल्याला लागतं.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे टीव्हीच्याच यूएसबी पोर्टला पेन ड्राइव्ह. त्याला कमी लेखायचं कारण नाही. रिसेप्शनमध्ये सकाळी साडेनऊला येणारी व्यक्ती रिमोटने टीव्ही लावते आणि संध्याकाळी बंद करते, तिथे हा पर्याय चालतो. फक्त काही गोष्टी पाळाव्या लागतात. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, कारण बहुतेक टीव्ही तो वाचतात. या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, पण फोटोंना ती अडचण येत नाही. फाइलींची नावं ०१, ०२, ०३ अशी द्यावीत. नुसते १, २, ३ दिले तर बरेच टीव्ही १ नंतर १० आणि ११ दाखवून मग २ कडे येतात. पॉवरपॉइंटची फाइल टीव्हीला थेट उघडता येईल असं धरून चालू नये, चित्रंच द्यावीत. पण आपल्या कसोटीवर हा पर्याय नापास होतो. लाइट आल्यावर घरगुती टीव्ही एकतर लाल दिव्यावर स्टँडबायमध्ये थांबतो, नाहीतर शेवटच्या चॅनेलवर जातो. पेन ड्राइव्हमधला स्लाइड शो आपणहून सुरू करणारे घरगुती टीव्ही थोडेच.

टीव्हीला मागून टोचायच्या काड्या, म्हणजे फायर टीव्ही स्टिक किंवा क्रोमकास्टसारखी साधनं, घरी सिनेमा पाहण्यासाठी बनलेली आहेत. त्यांना वाय-फाय लागतं, कुणाचं तरी खातं लागतं, आणि काही वेळ रिमोट हलला नाही की ती झोपी जातात. परत उठली की आपली स्लाइड दाखवण्याऐवजी सिनेमांच्या जाहिराती असलेलं मुख्य पान दाखवतात. ऑडिटर समोर बसलेला असताना असं पान यावं, असं कुणालाही वाटणार नाही. क्रोमकास्ट तर गूगलने २०२४ मध्ये बनवणंच थांबवलं. कारखान्यासाठी हा पर्याय सोडून द्यावा.

बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स बाजारात स्वस्तात मिळतात आणि विकणारा ‘साहेब, सगळं चालतं यात’ असं सांगतो. त्यांच्याबद्दल मी स्पष्ट सावध करतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात स्वस्त स्ट्रीमिंग बॉक्ससारखी उपकरणं ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच घातक सॉफ्टवेअरने बाधित असल्याचं किंवा पहिल्यांदा चालू करताना तसं ॲप त्यांत शिरत असल्याचं म्हटलं होतं. असा डबा तुम्ही कारखान्याच्या नेटवर्कला जोडता, तेव्हा त्याच नेटवर्कवर तुमचं अकाउंट्सचं कॉम्प्युटर आणि ड्रॉइंगचा सर्व्हर असतो. वाचवलेले दोन-तीन हजार रुपये त्यापुढे काहीच नाहीत. टीव्ही आणि ॲडॉप्टर या दोन्हींवर बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहून घ्यायचा. ३२ इंच आणि त्यावरचे टीव्ही २०१२ च्या आदेशापासूनच या सक्तीत आहेत, ॲडॉप्टर त्यात नंतर आले.

आता मला ज्या डब्याबद्दल जास्त सांगायचं आहे, त्याकडे येऊ. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधून बाजारात आला. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं हा त्यामागचा हेतू होता. पण त्याच्या एका गुणामुळे तो जगभर भिंतीवरच्या पडद्यांमागे जाऊन बसला: त्याला वीज मिळाली की तो आपणहून सुरू होतो. बटण दाबावं लागत नाही. शिवाय स्लाइड दाखवताना तो साधारण ५ वॉट खातो, पंखा नसलेल्या मॉडेलमध्ये धूळ ओढली जात नाही, आणि टीव्हीच्या पाठीमागे दोन स्क्रूंवर तो बसतो. नुसत्या स्लाइडसाठी २०१९ साली आलेलं पाय-४ चं कमीत कमी मेमरीचं मॉडेल पुरतं. त्याहून महाग घेण्याची गरज नाही. स्लाइड चालवायला अँथियास हे मोफत सॉफ्टवेअर आहे (पूर्वी ते स्क्रीनली ओएसई या नावाने ओळखलं जाई), भारतातलंच पायसाइनेज आहे. ऑफिसच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून चित्र चढवायचं, किती सेकंद दाखवायचं ते लिहायचं, झालं. इंटरनेट नसलं तरी ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर हे काम होतं.

पण पाय विकत घेतला म्हणजे काम झालं असं नाही. कारखान्यात तो चार ठिकाणी मार खातो आणि चारही ठिकाणांची तयारी आधी करता येते.

पहिलं ठिकाण म्हणजे मेमरी कार्ड. पायची सगळी सिस्टिम बोटाच्या नखाएवढ्या कार्डावर असते. कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली तर फाइली बिघडू शकतात आणि डबा पुढच्या वेळी उठतच नाही. यावर उपाय त्याच्या सेटिंगमध्येच आहे. ‘ओव्हरले’ नावाची सोय चालू केली की सिस्टिम कार्डावर काहीही लिहीत नाही, सगळं तात्पुरतं मेमरीत ठेवते. मग वीज दहा वेळा गेली तरी कार्ड जसंच्या तसं राहतं. स्लाइड बदलायच्या वेळी ही सोय बंद करावी लागते, किंवा स्लाइड ऑफिसच्या सर्व्हरवरून घेण्याची व्यवस्था करावी लागते. जोडीला चांगल्या कंपनीचं कार्ड घ्यावं आणि त्याची तयार प्रत दुसऱ्या कार्डावर काढून मेंटेनन्सच्या कपाटात ठेवावी. कार्ड बदलायला एक मिनिट लागतं, नव्याने सगळं बसवायला अर्धा दिवस जातो.

दुसरं, ॲडॉप्टर. पाय-४ ला ५ व्होल्टला ३ अँपिअर लागतात. मोबाइलचा जुना चार्जर लावला की डबा चालू होतो, दोन दिवस चालतो आणि मग मधेच अडखळायला लागतो. टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून वीज घेण्याची युक्ती तर अजिबात करू नये. त्या पोर्टमधून तेवढा करंट मिळत नाही, आणि टीव्ही बंद झाला की डब्याचीही वीज जाते.

तिसरी गोष्ट सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. लाइट आल्यावर पाय पंधरा-वीस सेकंदांत सुरू होतो आणि समोर पडदा आहे का ते पाहतो. टीव्ही तेव्हा स्टँडबायमध्ये असला तर त्याला पडदा दिसत नाही आणि तो चित्र पाठवतच नाही. मग नंतर कुणी रिमोटने टीव्ही लावला तरी ‘नो सिग्नल’ येतं. सगळे म्हणतात डबा बिघडला. डबा ठणठणीत असतो. ‘पडदा दिसो वा न दिसो, चित्र पाठवत राहा’ अशी एक ओळ त्याच्या सेटिंगमध्ये घातली की हा त्रास मिटतो. पाय-४ ला दोन एचडीएमआय पोर्ट आहेत, त्यांतला विजेच्या पोर्टजवळचा पहिला वापरावा.

चौथं, उष्णता. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये वर, टीव्ही जिथे लावतात तिथे, त्याहून जास्त तापतं. पायचा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो. स्लाइडला वेग फारसा लागत नाही, त्यामुळे पंखा न लावता ॲल्युमिनियमच्या केसमध्ये बसवला तरी भागतं. खरी काळजी टीव्हीची करावी लागते, कारण बहुतेक घरगुती टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात.

ऑफिसच्या स्टोअरमध्ये जुने डेस्कटॉप पडलेले असतील तर त्यांचाही विचार जरूर करावा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि बरीच चांगली मशीनं बाजूला पडली. त्यांवर लिनक्स टाकलं तर स्लाइड दाखवण्याचं काम ती आणखी काही वर्षं आनंदाने करतील. एकच सेटिंग विसरायची नाही. मशीन सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ या ओळीसमोर ‘पॉवर ऑन’ निवडायचं. ते नसेल तर लाइट आल्यावर कुणीतरी खाली वाकून बटण दाबेपर्यंत पडदा काळा राहील. विंडोजच ठेवणार असाल तर अपडेटची वेळ रात्रीची लावा आणि झोपण्याची सेटिंग बंद करा.

डेस्कटॉपचं विजेचं गणित मात्र मांडून पाहावं. वर्षाचे ८,७६० तास होतात. ५ वॉटचा पाय वर्षभर चालू ठेवला तर सुमारे ४४ युनिट जळतात. जुना डेस्कटॉप ६० वॉट खात असेल तर ५२५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला जवळपास ४,८०० रुपयांचा फरक पडतो, आणि तोही एका टीव्हीमागे. म्हणून जुनं मशीन रिसेप्शनसारख्या दिवसा चालणाऱ्या जागी ठेवावं, तिन्ही पाळ्यांच्या जागी नको. छोटे मिनी पीसी या दोन्हींच्या मधले. पॉवरपॉइंटच चालवायचा, त्यात हालचाली आणि व्हिडिओ आहेत, प्रॉडक्शनचे आकडे एक्सेलमधून थेट घ्यायचे आहेत, असं असेल तर मिनी पीसी योग्य.

टीव्ही निवडताना पहिला प्रश्न वेळेचा येतो. घरगुती टीव्ही दिवसाला काही तास चालावा या अंदाजाने बनतो, आणि अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर बसत नाही. खरेदीआधी वॉरंटी कार्डावरची ती ओळ वाचून घ्या. तिन्ही पाळ्या टीव्ही चालू राहणार असेल तर दिवसाला १६ किंवा २४ तासांसाठी बनवलेला व्यावसायिक डिस्प्ले घ्यावा. तो महाग पडतो, पण त्याच्या आतच स्लाइड चालवणारा कॉम्प्युटर असतो, लाइट आल्यावर तो स्वतः चालू होतो आणि पेन ड्राइव्हमधलं आपणहून दाखवायला लागतो. उभा लावायचा असेल, तर हाच घ्यावा. घरगुती टीव्ही उभा बसवला की आतली उष्णता बाहेर जाण्याची वाट बदलते. एक पाळी किंवा कँटीनच्या वेळा एवढंच काम असेल तर घरगुती टीव्ही आणि मागे पाय ही जोडी पुरेशी आहे, आणि माझ्या मते अंबडमधल्या बहुतेक मध्यम कारखान्यांना तीच लागू पडेल. ओएलईडी मात्र घेऊ नये. कंपनीचा लोगो महिनोन्‌महिने एकाच कोपऱ्यात राहिला तर त्याचा कायमचा ठसा पडू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, जुन्या कोटेशनवर खरेदी करत असाल तर ते तपासा.

डबा टीव्हीला चालू-बंद करू शकतो, हे अनेकांना माहीत नसतं. एचडीएमआय केबलमधूनच तसा आदेश जातो. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या मेनूत ही सोय चालू करून ठेवली, तर सकाळी पाळीच्या आधी पाय टीव्हीला उठवतो आणि रात्री झोपवतो. रिमोट मग कपाटात ठेवता येतो. पायला घड्याळाची बॅटरी नसते, वीज गेली की वेळ चुकते. त्यामुळे वेळेवर चालू-बंद हवं असेल तर त्याला नेटवर्कवरून वेळ मिळेल अशी सोय हवी. पाय-५ मध्ये घड्याळ आहे, बॅटरी वेगळी लावावी लागते.

वायरबद्दल थोडक्यात. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. ऑफिसमधल्या एका कॉम्प्युटरवरून शेडच्या टोकाच्या टीव्हीपर्यंत लांब एचडीएमआय ओढण्यापेक्षा टीव्हीमागे स्वतंत्र डबा बसवून त्याला लॅनची केबल द्यावी, ती १०० मीटरपर्यंत जाते. पत्र्याच्या शेडमध्ये आणि लोखंडी रॅकच्या मधून वाय-फायच्या भरवशावर राहू नये. लॅन केबल मोटरच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका. पंचिंग मशीनसाठी यूपीएसची लाइन आलीच असेल, तर डब्याचा प्लग त्या लाइनवर द्या. पाच वॉटने यूपीएसला काही फरक पडत नाही, आणि जनरेटरच्या त्या दोन झटक्यांतून डबा सुटतो.

स्लाइड तयार करणाऱ्याला हार्डवेअरची आठवण होते ती मराठी अक्षरं बिघडल्यावर. एचआरमध्ये सूचना टाइप करणारे अनेक जण अजून कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर सुबक दिसणारी सूचना टीव्हीमागच्या डब्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग होऊन बसते, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. युनिकोडमध्ये टाइप करायची सवय लावणं हा कायमचा उपाय. पण आजच्या आज चालणारा उपाय सोपा आहे: डब्याला फाइल द्यायचीच नाही, चित्र द्यायचं. पॉवरपॉइंटमधून सगळ्या स्लाइड चित्रांच्या स्वरूपात सेव्ह करता येतात. मग फॉन्ट कुठलाही असो, अक्षर जसं दिसलं तसंच पडद्यावर येतं. यात एक बारकावा आहे. नेहमीच्या रुंद स्लाइडमधून पॉवरपॉइंट १२८० बाय ७२० ठिपक्यांची चित्रं काढतो, आणि फुल एचडी टीव्हीवर ती किंचित धूसर दिसतात. स्लाइडचा आकार आधीच २० इंच बाय ११.२५ इंच करून घेतला तर चित्र बरोबर १९२० बाय १०८० चं निघतं. वेलांट्या, रफार आणि अनुस्वार स्पष्ट होतात. टीव्हीने कडा कापल्या तर त्याच्या मेनूत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ शोधा.

अक्षर किती मोठं हवं, हेही मोजता येतं. पाट्या रंगवणाऱ्यांच्या अंदाजाने दर १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर आरामात वाचता येतं. ४३ इंची टीव्हीचा पडदा उंचीला साधारण २१ इंच असतो. कँटीनमध्ये शेवटचं टेबल २० फुटांवर असेल तर अक्षर २ इंचांचं, म्हणजे पडद्याच्या दहाव्या भागाएवढं हवं. ओळींमधली जागा धरता एका स्लाइडवर पाच-सहा ओळी मावतात. वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांमुळे मराठी ओळीला इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. पंचावन्न इंची घेतल्याने ओळी वाढत नाहीत, तेवढ्याच ओळी थोड्या लांबून वाचता येतात. म्हणून आधी फूटपट्टीने अंतर मोजा, इंच मग ठरवा.

पडदा कुठे आहे यावर स्लाइडची संख्याही ठरते. पाळी बदलताना पंचिंगच्या रांगेत माणूस अर्धा मिनिट उभा राहतो. दहा सेकंदांची एक स्लाइड धरली तर त्याला तीन दिसतात. तिथे पंधरा स्लाइडचा फेरा लावला तर महत्त्वाची सूचना बाराव्या क्रमांकावर राहते आणि बहुतेकांना ती कधीच दिसत नाही. गेटवर तीन-चारच ठेवाव्यात, कँटीनमध्ये पंधराही चालतील. प्रत्येक टीव्हीमागे स्वतंत्र डबा असण्याचा हा मोठा फायदा आहे. एका कॉम्प्युटरवरून स्प्लिटर लावून चारही ठिकाणी तेच दाखवलं तर जागेप्रमाणे बदल करता येत नाही.

आणि एक गोष्ट टीव्हीवर सोपवायची नाही. कारखान्यातले कामाचे तास आणि कायद्याचा सारांश कामगारांना कळणाऱ्या भाषेत फलकावर लावा, ही सक्ती १९४८ च्या कारखाना अधिनियमाने घातली होती. ती भिंतीवरच्या कायमच्या, कुणालाही थांबून वाचता येणाऱ्या फलकासाठी होती. आग लागली, लाइट बंद केली, तेव्हा टीव्ही काळा असतो. जमण्याची जागा, ॲम्ब्युलन्सचा नंबर, बाहेर पडण्याचा रस्ता हे सगळं रंगवलेल्या पाटीवर राहिलंच पाहिजे. टीव्ही त्याची आठवण करून देईल, पण त्याची जागा घेणार नाही.

चार टीव्ही घ्यायचे असतील तर सुरुवातीला एकच टीव्ही आणि एकच डबा घ्या. तो सगळ्यात वाईट जागी लावा, म्हणजे जिथे धूळ, उष्णता आणि व्होल्टेजचा त्रास जास्त आहे तिथे. आठवडाभर चालू द्या. मग मेन स्विच बंद करा, तीस सेकंदांनी चालू करा, दहा सेकंदांत पुन्हा बंद करा आणि पुन्हा चालू करा. असं दहा वेळा करा. दहाही वेळा कुणी हात न लावता स्लाइड परत आली, तर उरलेल्या तिन्हींची ऑर्डर द्या. आणि ऑर्डरच्या कागदावरच लिहून ठेवा की दर सोमवारी स्लाइड कोण बदलणार.